धुरांडेमामांचा उन्हाळा

त्या शहरात उन्हाळा घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा. येतो येतो म्हणायचा, आणि आलाच तर दारातूनच चार शब्द बोलून निघून जायचा. शहरच इतकं उंचावर, की खालून आलेला माणूस बसमधून उतरून चार पावलं चालला की कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. पातेल्यातलं पाणी उकळ्या मारायला लागलं तरी आतला बटाटा आपला हट्ट सोडायचा नाही. घरं सगळी थंडीच्या धाकानं बांधलेली. हातभर जाड भिंती, हात वर केला की लागेल असं बुटकं छत, खिडक्या लहान आणि त्याही उन्हाच्या बाजूला, वर काळा रंग दिलेला पत्रा. आत शिरलेली ऊब बाहेर जाता कामा नये, एवढंच तिथल्या गवंड्याला शिकवलेलं. पंखा कुणाकडेच नव्हता. छताला पंख्याचा आकडाच ठोकलेला नसायचा, तर पंखा लटकणार कुठे?

अशा ठिकाणी धुरांडेमामांचं पोट चालायचं ते शेगड्यांवर. शेगडी म्हणजे खोली तापवायची लोखंडी शेगडी, तिच्यात कोळसा, तिच्यातून निघालेली पत्र्याची नळी, आणि नळीच्या टोकाला छपरावरचं धुरांडं. मामांचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. वय सदुसष्ट, अंगानं ठेंगणे, हात मात्र उंच माणसाचे असावेत तसे लांब. नखांतल्या काजळीनं तर साबणापुढे कधीच हार मानली नव्हती. बायको म्हणायची, "लग्नात तुमचा चेहरा धुतलेला पाहिला, तो पहिला आणि शेवटचा."

शरद ऋतू लागला की मामांची फेरी सुरू व्हायची. नळ्या काढायच्या, झाडायच्या, सांधे लिंपायचे. ऐन थंडीत कुणाच्या खोलीत धूर उलटा आला की धावत जायचं. आणि थंडी सरली की शेवटची फेरी: राख उपसायची, छपरावर चढून धुरांड्याच्या तोंडावर पत्र्याचं झाकण बसवायचं आणि कडेनं माती लिंपून टाकायची, म्हणजे पाखरं घरटी करत नाहीत आणि नळी गंजत नाही. मामांचं झाकण वाऱ्यावादळानं कधी हललं नाही, याचा त्यांना अभिमान होता.

थंडीतले सहा-सात महिने मामांना माणसांची ददात नसायची. "मामा आले, मामा आले," म्हणत दारं उघडायची, हातात गरम चहाचा कप यायचा. झाकणं बसली की मात्र मामा बंद. पुढचे महिने त्यांची आठवण कुणालाही येत नसे, आणि ते बरोबरच होतं. पाऊस नसताना छत्रीवाल्याला कोण विचारतं? बायको होती तोवर त्यात काही वाटायचं नाही. ती गेली त्याला चार वर्षं झाली, आणि तेव्हापासून उन्हाळा लांबला. एकदा दोन दिवस कुणाशी बोलणंच झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात "काडेपेटी द्या" म्हणायला तोंड उघडलं, तर गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. दुकानदार म्हणाला, "मामा, घसा बसलाय का?"

"हो, जरा सर्दी," मामा म्हणाले. तेव्हापासून घरातून निघण्याआधी ते आरशासमोर उभं राहून दोन-चार शब्द मोठ्यानं म्हणून बघायचे.

गिऱ्हाइकंही आटत चालली होती. एके काळी तीनशे घरं होती. लोकांनी विजेचे हीटर घेतले, जुन्या इमारती पडल्या, आणि यंदाच्या शेवटच्या फेरीत एकेचाळीस झाकणं बसली. ती एकेचाळीस घरं बहुतेक म्हाताऱ्यांची, आणि त्यांतली बरीचशी एकेकट्यांची. ज्यांच्या घरात तरुण माणूस होतं त्यांनी शेगडी कधीच भंगारात काढली होती.

त्या वर्षी उन्हाळा आला तो दारात थांबला नाही. सरळ आत येऊन बसला.

पहिले चार दिवस लोकांना मौज वाटली. खुर्च्या रस्त्यावर आल्या, जन्मात गुडघे न दाखवलेली माणसं अर्ध्या चड्डीत हिंडायला लागली. या शहराचा आणि उन्हाळ्याचा छत्तीसचा आकडा, असं लोक थट्टेनं म्हणायचे. पाचव्या दिवशी तो आकडा खरोखरच पाऱ्यावर येऊन बसला. रेडिओवरचा माणूस म्हणाला, नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढं तापमान इथे कधीच झालेलं नाही. याआधीचा उच्चांक एकतिसाचा. तो हे अशा उत्साहानं सांगत होता, जणू शहरानं शर्यत जिंकली होती.

सहाव्या-सातव्या दिवशी थट्टा आटली. तसं त्या उंचीवर सूर्य बुडाला की हवा गार व्हायची. पण घरं गार व्हायची नाहीत. दिवसभर पत्र्यातून आणि भिंतींतून प्यायलेलं ऊन ती कंजूष माणसासारखी धरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यात नव्या दिवसाची भर. मामांची एकच खोली, तीही छपराखालची. ते फरशीवर ओला टॉवेल टाकून त्यावर झोपायला लागले.

रविवारी लेकीचा फोन आला. ती खाली, सपाटीवरच्या शहरात राहायची, दीड दिवसाच्या वाटेवर.

"बाबा, टीव्हीवर तुमचं शहर दाखवतायत! तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? जन्म शेगडीपुढे गेला."

"थट्टा नको. खाली या. इथे घरात एसी तरी आहे."

"उकाड्याला भिऊन त्याहून गरम ठिकाणी येऊ? लोक हसतील."

"लोक म्हणजे कोण, बाबा?"

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "सगळे विचारत असतात," ते म्हणाले. "रोज कुणी ना कुणी असतंच." लेकीनं पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका, असं सांगितलं आणि फोन ठेवला. फोन कानाला लागून तापला होता. मामांनी तो शर्टाला पुसला आणि उशीपाशी ठेवला.

सोमवारी सकाळी ते पाव आणायला निघाले, तर शिंपीणबाईंच्या दाराशी चार माणसं उभी होती.

शिंपीणबाई दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर राहायच्या. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. जाड कोटांची अस्तरं बदलून द्यायच्या, त्यामुळे त्याही मामांसारख्याच हिवाळ्यावर जगणाऱ्या. घरमालक कपडे धुवायच्या नळाबद्दल काही विचारायला आला होता. दार वाजवून वाजवून दमला, मग किल्लीनं उघडलं. बाई शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या, मान कलती. डॉक्टर म्हणाले, परवाच गेल्या असाव्यात.

मामा आत गेले. कुठल्याही घरात शिरलं की आपोआप नळीकडे बघायची त्यांची सवय. तसं त्यांनी बघितलं. मग हात वर केला. खांद्यापर्यंत हवा गरम होती. डोक्याच्या वर मात्र शेगडीचं दार उघडल्यावर लागावी तशी झळ होती. खिडकीच्या फटींना बाईंनी हिवाळ्यात चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या तशाच होत्या. आणि नळी, जिच्यातून ही सगळी झळ धुरासारखी सुरकन वर निघून गेली असती, तिच्या टोकाला मामांनी स्वतःच्या हातांनी झाकण बसवून माती लिंपली होती. "मामा, यंदा जरा घट्ट बसवा हं," असं बाईंनी त्या वेळी सांगितलंही होतं.

कुणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. मामा बाहेर आले आणि पाव न घेताच घरी गेले.

बराच वेळ ते खाटेच्या कडेवर बसून होते. मग त्यांनी गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही काढली. एकेचाळीस घरं, शिंपीणबाईंचं सोडून चाळीस. चाळीस ठिकाणी आपलं न हलणारं झाकण. दुपार कलायची वाट न बघता त्यांनी शिडी खांद्यावर घेतली, पिशवीत छिन्नी आणि हातोडी टाकली आणि निघाले.

उन्हाळ्यात शेगडीवाला दारात बघून लोकांना वाटलं, उकाड्यानं मामांचं डोकं फिरलं. एक जण म्हणाला, "मामा, शेगडी पेटवायला आलात की काय? या, तेवढंच राहिलंय!" मामा प्रत्येकाला तेच समजावून सांगत: मी वरचं झाकण काढतो, तुम्ही ऊन उतरलं की सावलीकडची खिडकी उघडा, शेगडीचं दार उघडं टाका, गरम हवा नळीतून आपोआप निघून जाईल. सकाळी ऊन चढायच्या आत सगळं पुन्हा बंद. काहींनी ऐकलं. काहींनी मान हलवली आणि मामांची पाठ वळताच खिडकी लावून घेतली असणार. छपराचा पत्रा इतका तापलेला, की मामा गुडघ्यांखाली पोतं टाकून सरकायचे. सात छपरं झाली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तेव्हा त्यांनी ठरवलं, पहाटे आणि संध्याकाळीच चढायचं. मध्ये दारं वाजवायची.

मंगळवारी संध्याकाळी ते टायपिंगबाईंकडे पोचले. तिसरा मजला, थेट पत्र्याखालचा. बाईंनी तीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला होता. शहरातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांच्या पट्टीखालून गेलेली. आता त्र्याहत्तरीच्या, एकट्या, आणि जीभ अजून पट्टीसारखीच.

दार चार बोटं उघडलं.

"मामा? तुमची तारीख यायला अजून तीन महिने आहेत."

"झाकण काढायला आलोय, बाई. हवा खेळू दे जरा."

"हवा पत्ते खेळू दे नाहीतर बुद्धिबळ. मला बरं वाटत नाहीये, घर आवरलेलं नाही. उद्या या."

"दोन मिनिटांचं काम आहे. मी छपरावरच जाणार, आत येत नाही."

"तुमचे बूट डोक्यावर थाडथाड वाजतात. उद्या."

दार लागलं. मामा क्षणभर घुटमळले. बाईंचा चेहरा लाल दिसला होता, पण रागानंही तो लालच व्हायचा. बाईमाणूस एकदा नाही म्हणाल्यावर किती वेळ दारात उभं राहायचं? ते पुढच्या घराकडे गेले. त्या संध्याकाळी नऊ झाकणं निघाली.

बुधवारी दुपारी, चढायची वेळ नसताना, त्यांना राहवेना. तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी दार वाजवलं. उत्तर नाही. दाराला कान लावला तर आतून टकटक ऐकू आली, अगदी हलकी, एका लयीत. मामांनी हाका मारल्या. टकटक चालूच. मग त्यांनी छिन्नी दाराच्या फटीत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी घर फोडलं.

बाई पलंगाशेजारी फरशीवर पडल्या होत्या. अंगात लोकरी स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कातडी कोरडी आणि तापलेली, डोळे अर्धवट उघडे. उजव्या हाताची बोटं फरशीवर टाईप करत होती.

मामांनी आधी स्वेटर काढला. लाज वाटायलाही वेळ नव्हता. रुग्णवाहिकेला फोन लावला, तिकडची बाई दमलेल्या आवाजात म्हणाली, "पत्ता सांगा. दीड तास तरी लागेल. तोवर थंड जागेत ठेवा."

थंड जागा! मामांनी बुटक्या छताकडे पाहिलं. शहरभर एकही थंड खोली त्यांना आठवेना. आणि मग आठवलं ते कोळशाचं तळघर. या जुन्या इमारतीच्या पोटात एक तळघर होतं. तिथे थंडीत कोळशाची पोती उतरवायचे, आणि तिथे ऊन काय, दिवस उगवल्याची बातमीही पोचत नसे. मामांनी बाईंना पाठीवर घेतलं. जन्मभर पोती वाहिलेली पाठ. बाईंचं वजन अर्ध्या पोत्याएवढंही नव्हतं, आणि तेच मामांना सगळ्यात भयंकर वाटलं. तीन जिने उतरताना बाईंची बोटं त्यांच्या खांद्यावर टाईप करत होती.

तळघरात गारवा होता, ओल्या मातीचा आणि कोळशाचा वास होता. मामांनी रिकाम्या पोत्यांवर चादर टाकून बाईंना झोपवलं, नळाचं पाणी आणून दुसरी चादर भिजवली, अंगावर घातली, पुठ्ठ्यानं वारा घातला. पुन्हा भिजवली. पुन्हा वारा. चादरीच्या चार-पाच खेपा झाल्यावर टाईप करणारी बोटं थांबली. मामांनी पुठ्ठा टाकून त्यांच्या नाकाशी हात धरला. पण बाईंनी डोळे उघडले होते.

"इथे दिवा का नाही?"

"तळघरात आहोत, बाई. कोळशाच्या."

"माझे कपडे काळे होतील."

"होऊ देत. धुतले की जातं."

"तुमचं तर अजून गेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले.

मामांनी त्यांना घोट घोट पाणी पाजलं. रुग्णवाहिकेचा पत्ता नव्हता. वरच्या झरोक्यातून अंधुक उजेडाची एक पट्टी येत होती, तेवढीच. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "किती वर्षं येताय तुम्ही माझ्याकडे?"

"एकतीस."

"एकतीस वर्षांत एकदाही बसला नाहीत."

"काम असायचं."

"मी कधी बसा म्हटलं नाही, असं म्हणा की."

मामांनी पुठ्ठा हलवत ठेवला. खरं तर बाईंच्या घरातला शेगडीचा कोपरा त्यांना पाठ होता. कुठली फरशी फुटलीय, कुठल्या भिंतीला कसली भेग आहे, सगळं. त्या कोपऱ्यापलीकडची खोली त्यांनी आज पहिल्यांदा बघितली होती. एकाच माणसाचं ताट, एकच कप, झाकून ठेवलेला टाईपरायटर. हुबेहूब आपल्याच खोलीसारखी.

आणि अंधार होता म्हणून असेल, किंवा बाईंचे डोळे मिटलेले होते म्हणून असेल, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शिंपीणबाई गेल्या ना, त्यांचं झाकण मीच बसवलं होतं. घट्ट."

बाईंनी डोळे न उघडताच मान त्यांच्याकडे वळवली.

"आणि खिडकी?" त्या म्हणाल्या. "ती कुणी उघडायची होती?"

"त्यांना सुचलं नसेल. तुम्हाला तरी कुठे सुचलं? स्वेटर घालून बसला होतात."

"थंडी वाजत होती." बाईंनी ओली चादर चाचपली. "माझ्या घरापासून तिचं घर पन्नास पावलांवर. माझ्या तीन कोटांना तिनं अस्तर लावलंय. आठवडाभर शहर भाजतंय, मी तिचं दार वाजवलं? एकदाही नाही. झाकणाचं काय घेऊन बसलात?"

मामांनी चादर पुन्हा भिजवली. बाईंच्या बोलण्यानं मनावरचं ओझं उतरलं असं नाही, पण दुसऱ्या कुणीतरी त्याला एका बाजूनं हात लावला, एवढं मात्र झालं.

दोन तासांनी रुग्णवाहिका आली. बाईंना उचलताना त्यांनी मामांची बाही धरली होती. ती नर्सनं हलकेच सोडवली. गाडीत बसायला जागा नव्हती. आत आधीच दोन म्हातारी माणसं होती.

गुरुवारी दिवसभरात उरलेल्यांपैकी बारा झाकणं काढून, अंघोळ करून, शुक्रवारी मामा इस्पितळात गेले. बाहेरच्या टेबलावर एक तरुण मुलगी भेटायला येणाऱ्यांची नोंद करत होती. व्हरांड्यातही खाटा टाकलेल्या होत्या.

"पेशंटचं नाव?"

मामांनी सांगितलं. एकतीस वर्षांत त्यांनी ते नाव पहिल्यांदाच पूर्ण उच्चारलं असेल.

"नातं?"

"शेगडीवाला."

मुलीनं मान वर केली. "काका, मी नातं विचारतेय, धंदा नाही."

"तेच सांगतोय."

"गर्दी फार आहे, फक्त घरच्यांनाच सोडतोय आम्ही. घरचे आहात का?"

खोटं बोलणं सोपं होतं. भाऊ म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? पण मामांना ते जमलं नाही. "नाही," ते म्हणाले. "बऱ्या आहेत ना?"

मुलीनं कागद चाळला. "सुधारतायत. भाच्याला कळवलंय, ते येतायत."

"मग झालं," मामा म्हणाले, आणि जिना उतरले.

तेराव्या दिवशी वारा फिरला. ना ढग, ना पाऊस. पहाटे नुसताच बर्फाळ डोंगरांकडून वारा सुटला. उघड्या धुरांड्यांतून त्याचा घूं घूं आवाज यायला लागला, आणि दुपारपर्यंत पारा आपल्या जुन्या जागी येऊन गुपचूप बसला. जणू काही घडलंच नव्हतं. लोकांनी खुर्च्या आत घेतल्या. रेडिओनं सांगितलं, शहरात उष्म्यानं एकोणतीस माणसं दगावली, बहुतेक एकटी राहणारी. मामांच्या वहीतली त्यांत तीन होती: शिंपीणबाई, आणि दोन अशी की मामा झाकण काढायला पोचले तेव्हा उशीर झाला होता.

टायपिंगबाईंचा भाचा सभ्य माणूस निघाला. त्यानं शेजाऱ्याकडून निरोप पाठवून दाराची कडी दुरुस्त करायला मामांनाच बोलावलं, आभार मानले, आणि सांगितलं की मावशीला तो खाली आपल्याकडेच नेतोय, या वयात एकटीनं राहणं बरं नाही. बाई आदल्या दिवशीच इस्पितळातून थेट गेल्या होत्या. खोलीत खोकी भरून ठेवली होती. मामांनी कडी बसवली, दार दोनदा लावून बघितलं.

"मावशी तुमच्याबद्दल बोलत होती," भाचा म्हणाला.

"काय म्हणत होत्या?"

"म्हणाली, त्यांना सांग..." भाच्यानं आठवायचा प्रयत्न केला. "काहीतरी म्हणाली होती, बघा. गडबडीत विसरलोच मी. आठवलं की फोन करतो."

फोन आला नाही. भाच्याकडे मामांचा नंबर तरी कुठे होता? आणि मामांनी तो दिला नाही, कारण त्यानं मागितला नाही.

शरद ऋतूच्या तोंडाशी, पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी, नगरपालिकेतून एक कारकून मुलगी मामांना शोधत आली. पुढच्या उन्हाळ्याआधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करायचं ठरलं होतं. कार्यालयात कुणालाच ती माणसं कुठे राहतात ते माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, धुरांडेमामांना विचारा.

तीन दिवस मामा तिच्याबरोबर हिंडले. जिने कुठे निसरडे आहेत, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाचं दार मागच्या बाजूनं वाजवावं लागतं, सगळं सांगत होते. मुलगी लिहून घेत होती. ऋतू नसतानाही मामांना चार घरी चहा मिळाला. एका आजोबांनी तर बसवून घेतलं, "मामा, तुमच्यामुळे वाचलो हो," म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. मामा संकोचून नळीच्या सांध्याकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, शेवटचं घर झाल्यावर, मुलगी म्हणाली, "आता तुमच्याकडे जाऊ."

"माझ्याकडे? चहा घ्यायचाय का? चला की. पण दूध आणावं लागेल."

जिना चढून ती वर आली. मामांनी खुर्ची पुसून दिली. तिनं खोलीभर नजर फिरवली, छताकडे पाहिलं आणि वही उघडली.

"वय?"

"कुणाचं?"

"तुमचं, मामा."

मामा हसले. "अगं, मी यादी करून देणारा. माझं कशाला त्यात?"

"एकटे राहता ना?"

मामांचा हात आपोआप शर्टाच्या बटणाकडे गेला. "हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "सदुसष्ट." मुलीनं लिहिलं. पत्ता लिहिला, मजला लिहिला, छपराखालची खोली असं लिहिलं.

"कळवायचं कुणाला?"

मामांनी लेकीचा नंबर सांगितला.

"त्या इथेच असतात?"

"खाली. दीड दिवसाची वाट."

"मग इथलं कुणीतरी सांगा. दोन-तीन दिवस दिसला नाहीत तर दार वाजवेल असं."

मामा विचार करायला लागले. शहरातलं तर प्रत्येक छप्पर त्यांच्या पायाखालचं. कुठल्या धुरांड्यात कावळ्यानं घरटं केलं होतं आणि कुठल्या खोलीत माणूस खुर्ची कुठे ओढून बसतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. ते दुकानदाराचं नाव घेणार होते, पण त्याला त्यांचं घर ठाऊक नव्हतं. बोट नकळत खुर्चीच्या पाठीवर फिरत राहिलं. मुलगी पेन धरून वाट बघत होती. तिला कसलीच घाई दिसत नव्हती, आणि त्यामुळे मामांना जास्तच अवघड झालं.

"ते जरा मोकळं ठेव," शेवटी ते म्हणाले. "थंडी पडली की माणसं भेटतात. मग सांगतो."

तिनं रकाना मोकळा सोडला, कोपऱ्यात एक लहानशी खूण केली आणि वही मिटली. "दोन महिन्यांनी येते विचारायला," ती म्हणाली.

"ये," मामा म्हणाले. "बस तू, मी दूध घेऊन आलोच." आणि पिशवी घेऊन ते जिना उतरायला लागले.